दिवेलागणीच्या आत

८ मार्च २०१४, शनिवार. चोआ चू कांग, सिंगापूर

आज पुणे जमलं नाही. सेहेचाळीसला थांबले.

(पुण्याच्या आमच्या फ्लॅटला चोपन्न पायऱ्या. लिफ्ट नाही. इथे ब्लॉकच्या जिन्यात खालपासून चोपन्न मोजल्या की माझं एक ‘पुणे’ झालं. पुढे अकराव्या मजल्यापर्यंत लिफ्ट.) उ. गु. (उजवा गुडघा) कुरकुरला. नवा गुडघा बसवून सहा महिने झाले, पण अजून नव्या नवरीसारखा अवघडून असतो.

जेवताना मंदार म्हणाला, “आई, पुण्याचा फ्लॅट विकून टाकू या आता. बंद पडून काय उपयोग?”

तोंडात भाकरी होती म्हणून वाचला. गिळली आणि म्हटलं, “बंद कुठाय? मी जाणार आहे राहायला.” केतकीने ताक वाढलं. सून शहाणी आहे, नेमक्या वेळी ताक वाढते.

मं.चं तरी काय चुकलं. गेल्या वर्षी पुण्याला बाथरूममध्ये पडले, तीन तास तशीच पडून होते. बाहेर फोन वाजत होता, तो हाच करत होता इथून. चौदा वेळा. ते तीन तास त्याच्या डोक्यातून जात नाहीत. माझ्या डोक्यातून गेले, कारण मला त्यातलं निम्मं आठवतच नाही. पण म्हणून काय जन्मभर मला पापडासारखं जपणार? हे गेल्यावर पाच वर्षं एकटी राहिले तिथे. आजही राहीन.

३१ मार्च, सोमवार. पाडवा

गुढी उभारली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे बांबू असतात, त्यातल्याच एकाला. केतकीची पैठणी, साखरेची माळ, वर तांब्या पालथा. झकास. खालून सातव्या मजल्यावरच्या लिम आंटीने मान बाहेर काढली. “आंटी! युअर पॉट अपसाइड डाऊन, आह!” तिला वाटलं भांडी वाळत घातली. खाली जाऊन श्रीखंड देऊन आले. तिचं वय सदुसष्ट, माझ्यापेक्षा तीनने मोठी, रोज पाच कि.मी. चालते. हुकूमच केला मला. “यू वॉक विथ मी. सेव्हन ओ’क्लॉक. डोन्ट लेट.” जाणार.

आणि मोठी बातमी. मं.ला जूनमध्ये कंपनीच्या ट्रेनिंगसाठी स्टॉकहोमला जायचंय. केतकीला रजा नाही. तीच म्हणाली, “अरे, आईंना घेऊन जा ना. तीस वर्षं शिकवलंय त्यांनी ते.”

शिकवलंय म्हणजे! इयत्ता नववी, स्कँडिनेव्हिया. फळ्यावर काढायचे तेव्हा पोरं म्हणायची, बाई, हे दोरीवर टाकलेल्या मोज्यासारखं दिसतं. तीस वर्षं तो मोजा काढला, आणि मी गेले कुठवर, तर महाबळेश्वर.

मं. म्हणाला, “मी दिवसभर ट्रेनिंगला असणार. आई हॉटेलवर बसून काय करेल?”

“बसणार कोण आहे?”

मग टूरिस्ट बसमध्ये बसवून देतो म्हणाला. मी म्हटलं, एक दिवस माझा. एकटी, पायी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जमलं तर तू फ्लॅटचं नाव काढायचं नाहीस.

“आणि नाही जमलं तर? टॅक्सी करावी लागली, मला बोलवावं लागलं, तर?”

“तर तू म्हणशील त्या कागदावर सही.”

हात पुढे केला त्याने, लहानपणी पैज लावताना करायचा तसा. मग म्हणाला, “पण एक अट. दिवेलागणीच्या आत हॉटेलवर.”

हे माझंच वाक्य! शाळेत होता तेव्हा खेळायला निघाला की रोज ऐकवायचे. आज मला परत केलं. मी एका क्षणात म्हटलं, कबूल. इतकी पटकन कबूल झाले की केतकीने वर बघितलं. मं.ने नाही बघितलं.

त्याने महिना विचारात घेतला नाही. अक्षांश तर नाहीच नाही. घरात बाई असून भूगोलात कायम बेताचे मार्क.

१९ एप्रिल, शनिवार

पुणे १, सकाळी. न थांबता! संध्याकाळी अर्धं.

ईराला शिकवलं. नऊ वर्षांची आहे, डोकं आजीवर गेलंय. संत्र्यात विणायची सुई खुपसली, जरा तिरकी धरली, समोर टॉर्च. सिंगापूर संत्र्याच्या पोटावर, म्हणून इथे बाराही महिने सातला उजाडतं, सातला मावळतं. स्टॉकहोम पार वरती, देठाजवळ. जूनमध्ये देठ टॉर्चकडे कललेला. ईरा संत्रं फिरवत राहिली.

“सो स्टॉकहोम नो नाइट, आजी?”

“असते. चहा गाळून होईपर्यंत.”

“देन पापाची दिवेलागणी...” आणि तिने तोंडावर हात ठेवला. “आजी! यू सो नॉटी, लाह!”

संत्रं सोलून दिलं आणि तोंड बंद ठेवायची शपथ घातली. तिकडे जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, हेही सुईने दाखवून दिलं. पोरीला सगळं कळलं. अजून शिकवता येतं मला.

११ मे, रविवार

बुकित तिमाह. एकशे त्रेसष्ट मीटर. देशातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणे. मी पदराआड हसले (पदर नव्हता, ओढणी होती). मग चढ लागला आणि हसू जिरलं. लिम आंटी पुढे, वळून वळून “स्लो ऑल्सो कॅन, आंटी, स्लो ऑल्सो कॅन.” माथ्यावर पोचले. दगडावर लिहिलेला आकडा हाताने चाचपून बघितला. उतरताना गु. सुजला, पण सुजू दे मेल्याला.

परतताना वाट चुकलो. आंटी घाबरली, मी नाही. ऊन बघितलं. पाच वाजलेत, म्हणजे ऊन ते पश्चिम, घर तिकडे. बरोब्बर बाहेर काढलं तिला. तिला वाटतं माझ्या पोटात होकायंत्र आहे. मीही नाही म्हटलं नाही.

व्हिसासाठी फोटो काढले. चेहरा पाकीटमाराचा आलाय.

१४ जून, शनिवार

बॅग भरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बाम, चालायचे बूट, लोकरीचे मोजे (के.ने आणले). पुणे सलग २. वजन कमी, उमेद जास्त.

केतकी खोलीत आली, दार लोटलं. “अहो आई, मी नेटवर वाचलं, तिथे आत्ता सूर्य दहाला मावळतो.”

“मग?”

“मग काही नाही. मी काही वाचलेलं नाही.” आणि गेली. अशी सून देव सगळ्यांना देवो.

१५ जून, रविवार. स्टॉकहोम

पोचलो. तेरा-चौदा तास बसून गु. लाकूड झाला. हॉटेल स्टेशनच्या जवळ. दोघंही संध्याकाळी सहालाच आडवे. पडदे जाडजूड, काळे, आत काही दिसत नाही. देवाचीच कृपा. मं.ला झोपता झोपता म्हटलं, “माझा दिवस उद्याच.”

“आई, उद्या? अगं विश्रांती घे ना एक दिवस.”

“नको. उद्याच.” इथली एक संध्याकाळ त्याने उघड्या डोळ्यांनी बघितली की संपलं.

१६ जून, सोमवार

पहाट, पावणेचार. जाग आली. पडद्याच्या फटीतून ऊन. पावणेचारला ऊन! आयुष्यभर पुस्तकातून सांगितलं ते हे. उठून काचेला नाक लावलं तोच मागे मं. कुशीवर वळला. सटकन पडदा ओढला. हा आत्ता जागा झाला तर सगळं मुसळ केरात. परत पडले, पण झोप कसली.

८.०५. निघाले. बरोबर हॉटेलचा कागदी नकाशा, मं.चा जुना फोन (फक्त बोलायला), पाणी, दशम्या. कमरेला के.चं पावलं मोजायचं यंत्र. “आई, वचन?” “दिवेलागणीच्या आत.” तोंड अगदी गरीब ठेवलं.

९.१५. टाउन हॉल. लाल विटांचा, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा. नोबेलवाल्यांची जेवणं आत होतात. मी बाहेर कठड्यावर बसून दशमी-चटणी खाल्ली. मान माझाही तेवढाच. थंडी आहे, ऊन आहे, आणि मला “सांभाळून हं” म्हणायला कुणीही नाही. किती दिवसांनी!

१०.४०. जुन्या शहराकडे जायचा पूल. खाली पाणी धो धो धावतंय. सरोवराचं पाणी समुद्रात उतरतं ते इथे. हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारून. एक आजोबा भर शहरात गळ टाकून उभे होते. त्यांना विचारलं, “धिस साइड स्वीट वॉटर? दॅट साइड सॉल्ट?” त्यांनी आधी डावीकडे बोट केलं, मग उजवीकडे, आणि मान हलवली. बरोबर होता माझा धडा. मी पुलावर उभी राहून रडले. खूप बरं वाटलं. आजोबांना वाटलं असेल वाऱ्याने पाणी आलं डोळ्याला.

१२.००. जुनं शहर. दगडी गल्ल्या, बूट घसरतात. एक गल्ली इतकी अरुंद की दोन्ही भिंतींना एकदम हात टेकतात, आणि वर जायला पायऱ्या. मोजल्या. छत्तीस. वरून एक धिप्पाड गोरा उतरत होता, दोघं मावणं शक्य नाही. मी थांबले नाही. तोच उलटा वर गेला. वर पोचल्यावर लक्षात आलं, पुण्याला अठरा कमी. खाली आले आणि परत अठरा चढले. आता पूर्ण. एक जोडपं आ वासून बघत होतं.

१.३०. बंदराच्या कडेला. ही जमीन अजून वर येतेय, हेही शिकवायचे. हजारो वर्षांपूर्वी वर बर्फ होता, त्याचं ओझं उतरलं, तेव्हापासून जमीन हळूहळू उठतेच आहे. मग माझ्या गु.ला नऊ महिने लागले तर एवढी बोंब कशाला?

३.२०. बुडालेल्या जहाजाचं म्युझियम. राजाने थाटामाटात बांधलेलं, पहिल्याच दिवशी बंदरातून निघालं आणि तिथेच आडवं झालं. सगळा भार वरती, खाली वजन नाही. ते बघून आल्यावर मी जरा बेतानेच चालले.

५.१०. शेजारीच झाडीचं मोठं बेट. बाकावर बूट काढले. पाय लालबुंद. गु. गरम. कॉफी आणि एक गोड पाव घेतला, तर त्यात वेलची! परदेशात येऊन पावात वेलची निघावी. दुसरा पण घेतला.

७.२०. फोन. मं.

“आई, सात वाजून गेले.”

“बरं मग?”

“मग काय! दिवेलागणीच्या आत यायचं ठरलं होतं.”

“दिवे लागलेत का तुझ्या तिथे?”

तो बहुतेक खिडकीशी गेला. “...नाही.”

“इथेही नाही लागले. लागायच्या आत येते.” ठेवला. बाकावर एकटीच इतकी हसले की शेजारच्या बाईंचं कुत्रं उठून उभं राहिलं.

(पुढचं हॉटेलवर आल्यावर लिहितेय. पलंगावर आडवं पडून, म्हणून अक्षर वाईट.)

सव्वाआठला परत निघाले. आल्या रस्त्याने जाणं मला पटत नाही, म्हणून पाण्याचा काठ सोडून आतल्या रस्त्यांनी. हॉटेल सरळ पश्चिमेला. समोर सूर्य. संध्याकाळ, सूर्य म्हणजे पश्चिम. नकाशा पिशवीतच राहिला. पोटातलं होकायंत्र!

चालले, चालले. अर्धा तास झाला. डाव्या हाताला मधूनमधून पाणी दिसायला हवं होतं, दिसेना. रुंद रस्ता लागला, मधोमध झाडांच्या रांगा, माणूस नाही. पाट्यांवरची नावं एवढाली लांब, नकाशात शोधू तर डोळ्यांपुढे नाचायला लागली. बाकावर बसले, आणि उठता येईना. गु. दुमडलेला, सरळ होईना. घाबरले. खोटं कशाला लिहू, खूप घाबरले. बाथरूममधली फरशी आठवली.

तेवढ्यात फोन. मं. “कुठायस?”

“रस्त्यात. येतेच.”

“नक्की?”

“नक्की.” धडधडीत खोटं. पण सांगितलं असतं तर तो टॅक्सी घेऊन धावत आला असता. समोरून दोन टॅक्स्या गेल्या. हात वर केला की हॉटेल. आणि हात वर केला की फ्लॅट गेला. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, लहान मुलासारखे.

मग माझी सावली दिसली. ही लांबलचक, रस्त्यावर पडलेली. बघता बघता ते संत्रं आठवलं. अगं शोभाबाई! जून महिना! साठ अंश! सूर्य पश्चिमेला नाहीच आहे. वायव्येला आहे. तू अर्धा तास त्याला नाकासमोर धरून चालत पार उत्तरेला आलीस. ह्याच चुकीचे नववी अ मध्ये मी दोन-दोन मार्क कापायचे! दोन महिन्यांपूर्वी नऊ वर्षांच्या पोरीला सुईने शिकवलं! आणि पहाटे, डोळ्यांसमोर ईशान्येला उगवला होता की. पण मला पडदा ओढायची घाई. मं.ला फसवायच्या नादात स्वतःच फसले.

इतका राग आला स्वतःचा की रागानेच उठले. गुडघाही उठला. सूर्य उजव्या खांद्याच्या जरा मागे धरला आणि निघाले. पावलं मोजत, चोपन्न झाली की परत एकपासून. किती पुणे झाली मोजलं नाही. मग उतार लागला, मग गर्दी, मग स्टेशनचं छप्पर. त्या छपराला नमस्कार केला भर रस्त्यात.

९.३५. मं. हॉटेलबाहेर, दिव्याच्या खांबाला टेकून. चेहरा पांढरा. वरच्या मजल्यांवर अजून ऊन होतं. तो काही बोलायच्या आत मी खांबाकडे बोट केलं. “लागलाय?”

त्याने खरंच वर बघितलं. दिवा लागलेला नव्हता.

“आई, हे तुला आधीपासून माहीत होतं.”

“इयत्ता नववी.”

पायरीवर बसला आणि हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले. मग तिथेच, फुटपाथवर, वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, कारण मला वाकता येत नव्हतं. यंत्रात आकडा बघितला. २९,६१०. दोनदा वाचला. म्हणाला, “फोन उचललास. दोन्ही वेळेला.” एवढंच.

जिंकले! एकटीने, पायाने, टॅक्सीशिवाय. आज हे हवे होते.

चुकले होते ते सांगितलं नाही. उद्या सांगेन.

१८ जून, बुधवार

सांगितलं नाही. कालचा दिवस अंथरुणात, पाय उशांवर. मं. ट्रेनिंगमधून दोनदा येऊन बाम लावून गेला. फ्लॅटचं नाव काढत नाही, शब्दाला पक्का आहे. सगळ्यांना फोनवर सांगतोय, आमच्या आईने काय केलं माहितेय का. मला गुदगुल्या होतात, आणि मग टोचतं. चूक लपवून जिंकणं म्हणजे कॉपी करून पास होणं. आयुष्यभर मी कॉपी पकडली. आता पकडणारीही मीच आणि बाकावर बसलेलीही मीच.

२२ जून, रविवार. चोआ चू कांग

सकाळी लिम आंटीला सगळं सांगितलं, चुकले तेही. तिने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. “सो फार! यू क्रेझी, आंटी!” आख्ख्या व्हॉइड डेकला (इमारतीखालची मोकळी बसायची जागा) ऐकू गेलं.

दुपारी ईराने नकाशा पसरला. मी परत आल्यावर पेन्सिलने रस्ता काढून ठेवला होता, खरा रस्ता, चुकलेला धरून. खोटा नकाशा माझ्या हातून निघत नाही. ती बोट फिरवत गेली. “आजी, व्हाय यू गो हिअर? होटेल इज देअर, वॉट.” मी काही बोलायच्या आत तीच ओरडली, “ओह! द सन! नॉर्थ-वेस्ट! यू टोल्ड मी!”

मागे मं. उभा होता.

मग सांगितलं. बाक, गुडघा, दोन टॅक्स्या, फोनवरचं खोटं. काही ठेवलं नाही.

“टॅक्सी का नाही केलीस?”

“पैज गेली असती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू आला असतास.”

“हो. आलो असतो.”

“म्हणूनच.”

नकाशाची घडी घातली आणि आत निघून गेला. केतकी ताक घेऊन आली. चहाच्या वेळेला. गेला माझा फ्लॅट. जाऊ दे. निदान छाती मोकळी झाली.

६ जुलै, रविवार

बुधवारी संध्याकाळी मं.ने माझ्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक, माझ्या इथे राहायच्या पासचा फॉर्म, मुदत वाढवायचा. दुसरी, पुण्याच्या किल्ल्यांचा जुडगा. वर्षभर त्याच्याच कपाटात होता तो, मी मागितला तरी “देतो गं” म्हणायचा.

“पैज तू जिंकलीस, आई. चुकली नसतीस तर मी म्हटलं असतं, एक दिवस नशीब चांगलं होतं. चुकलीस, घाबरलीस, आणि तरी आपली आपण परत आलीस. मला तेवढंच बघायचं होतं बहुतेक.” जुडगा माझ्याकडे सरकवला. “आता तू ठरव. मी विचारणार नाही.”

आणि खरंच विचारत नाहीये! चार दिवस झाले. भयंकर प्रकार आहे हा. तो नको म्हणत होता तोवर किती सोपं होतं, जाणार म्हणजे जाणार. आता दोन्ही दारं उघडी, आणि मी मध्ये उभी. पुण्याचा गॅलरीतला मोगरा जळून गेला असेल. इथे ईरा रोज शाळेतून आल्यावर आधी माझ्या खोलीत डोकावते, बॅग काढली का बघायला. “आजी, यू स्टे, कॅन?” लिम आंटी म्हणते, “यू गो, देन हू वॉक विथ मी?” केतकी काही बोलत नाही, पण काल तिने न विचारता पुरणपोळ्या केल्या.

तरी खूश आहे. खूप खूश आहे. चौसष्टाव्या वर्षी माझं मी ठरवायचं आहे, आणि ते मी चालून मिळवलंय.

संध्याकाळी साडेसहाला जिन्याला गेले. जुडगा मुठीत. चोपन्नावर थांबले, नेहमीसारखी. समोर कुणाच्या तरी दारापुढे चपलांचा कप्पा, वर लाल कागदी कंदील. नेहमी इथे धाप लागलेली असते, म्हणून हे दार कधी धड बघितलंच नव्हतं. आज धाप नव्हती. लिफ्टचं बटण दाबायला हात उचलला आणि खाली घेतला. म्हटलं, वर काय आहे बघू तरी. चढत राहिले. सातव्यावर लिम आंटीच्या तळणीचा वास. नवव्यावर कठडा धरून जरा उभी राहिले. अकरावा! एकशे ऐंशी पायऱ्या. तीन पुणे आणि वर अठरा.

मं.ने दार उघडलं. “लिफ्ट बंद आहे का?”

“नाही रे, चालू आहे.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मुठीतून बाहेर आलेल्या किल्लीकडे. ओठ हलले त्याचे, पण शब्द पाळला, काही विचारलं नाही. बाजूला झाला. आत केतकी देवापाशी वात सारखी करत होती, काडी अजून ओढायची होती. टेबलावर फॉर्म तसाच कोरा.

“आले रे,” मी म्हटलं, “वेळेत.”